मोसंबीची बाग तोडण्याआधी एक टाचणी घ्या

पत्राचा सारांश: जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. नवरा पुण्याला नोकरीला, शेत त्या आणि सासरे मिळून पाहतात. सासऱ्यांनी २००६ साली लावलेली मोसंबीची ३२० झाडं आहेत. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरचं पाणी विकत घेऊन ती जगवली. यंदा श्रावणापासून रस्त्याकडच्या दोन ओळींतल्या ४४ झाडांवर मोहरीएवढे तांबूस, चपटे खवले आले. फांद्या आतून वाळू लागल्या, पानांवर पिवळे डाग पडले. त्यातल्या काही झाडांची पानं काजळी धरल्यासारखी काळी झाली आणि बुंध्यावर मुंग्यांची रीघ लागली. अडीच महिन्यांत पाच फवारण्या झाल्या, दर वेळी आधीपेक्षा कडक, शेवटच्या दोन तर तीन-तीन औषधं एकत्र करून. एकदा मुळाशीही औषध सोडलं. खवले जागचे हलले नाहीत. फळं घेणाऱ्या बागवानाने उक्ता भाव पाडला, फळं कशीबशी उतरवून दिली. धाकटे दीर म्हणतात, जेसीबी लावा, ऊस करू. सासरे काही बोलत नाहीत, बांधावर बसून राहतात. ताईंना वाटतं चूक त्यांचीच, कारण उन्हाळ्यात सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढायला त्यांनी जे मजूर बोलावले ते एका रोगट बागेतलं काम उरकून आले होते. त्या लिहितात, ‘सगळ्यात जहाल औषध कोणतं ते सांगा, नाहीतर झाडं काढा म्हणून सांगा. मधलं काही सांगू नका.’

ताई,

मधलं काही सांगू नका असं तुम्ही म्हणालात, पण तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही आणि ती कळल्याशिवाय मला ना औषध सांगता येईल, ना झाडं काढा म्हणता येईल. ते खवले जिवंत आहेत का?

हा प्रश्न वाचून तुम्हाला राग येईल. पाच फवारण्या करून थकलेल्या माणसाला असं विचारणं बरं नाही, हे मला कळतं. पण आपण ज्याला खवला म्हणतो तो किडा नसतो, ते त्याचं घर असतं. तुम्ही वर्णन केलेली बहुधा लाल खवले कीड आहे. तिची मादी स्वतःच्या अंगातून निघणारं मेण आणि टाकलेल्या काती यांचं एक झाकण अंगावर तयार करते. आतली मादी मेली तरी ते झाकण फांदीला आणि फळाला कित्येक महिने तसंच चिकटून राहतं. लांबून मेलेली कीड आणि जिवंत कीड सारखीच दिसते. मी बांधावर उभं राहून ‘औषध लागलं नाही’ असं म्हणणारे कितीतरी शेतकरी पाहिले. त्यांच्या झाडावरचे निम्मे खवले नुसती रिकामी टरफलं होती आणि ते त्या टरफलांवर पुन्हा पुन्हा पैसे ओतत होते.

म्हणून पुढची बाटली आणण्याआधी एक टाचणी आणि एक भिंग घ्या. शाळेच्या पोरांकडे असतं तसलं साधं भिंग चालेल. त्या ४४ पैकी पाच-सहा झाडं निवडा. आतल्या फांद्यांवरचे, पानांवरचे, झाडावर एखादं फळ राहिलं असेल तर त्यावरचे, असे मिळून १०० खवले टाचणीने उचकटून पाहा. खाली पिवळसर, रसरशीत, टाचणी लागली की फुटणारा जीव दिसला तर तो जिवंत. वाळका, तपकिरी, भुगा होणारा असला तर मेलेला. आणि झाकणाला सुईने पाडल्यासारखं एक गोल भोक दिसलं, तर त्याची वेगळी नोंद करा. त्या भोकाबद्दल पुढे सांगते. वहीत तीन आकडे लिहा: जिवंत, मेलेले, भोकाचे. हे काम एका सकाळचं आहे.

आता जहाल औषधाकडे येते. औषध जितकं कडक तितकी कीड लवकर मरते, हे आपण बोंडअळीच्या काळापासून डोक्यात घेऊन बसलो आहोत. खवल्याच्या बाबतीत ते उलटं पडतं, आणि का पडतं हे समजून घेतलंत तर दुकानात उभं राहून नाही म्हणायला तुम्हाला बळ येईल.

या किड्याचं आयुष्य पाहा. लाल खवल्याची मादी अंडी घालत बसत नाही, थेट पिल्लं देते. दिवसाला दोन-तीन, असं काही आठवडे चालतं आणि एकेका मादीची शंभर-दीडशे पिल्लं होतात. पिल्लू पिवळं, सहा पायांचं, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारं असतं. ते आईच्या झाकणाखालून बाहेर पडतं आणि काही तास, फार तर दिवस-दोन दिवस रांगतं. बस, तेवढंच काय ते त्याचं फिरणं. जागा सापडली की सोंड खुपसून बसतं, अंगावर पांढरं मेण चढवतं, पहिली कात टाकताना पायही जातात. त्यानंतर मादी मरेपर्यंत तिथून हलत नाही. नराला मात्र शेवटी पंख फुटतात. त्याला तोंडच नसतं, मादीच्या वासावर तो तिला शोधतो आणि एखाद्या दिवसात संपतो. उन्हाळ्याच्या उबेत ही सगळी पिढी साधारण दीड-दोन महिन्यांत पुरी होते. आपल्याकडे कीड पूर्ण थांबावी अशी थंडी पडत नाही, त्यामुळे झाडावर आज्या, आया आणि नाती एकाच वेळी नांदत असतात.

म्हणजे औषधाला हा जीव उघडा सापडतो तो फक्त रांगताना, आणि अंगावर पांढरी टोपी चढत असते त्या कोवळ्या वयात. बाकीचा काळ तो छपराखाली असतो. तुमचं कडक औषध त्या छपरावरून ओघळून गेलं. मुळाशी सोडलेल्या औषधाचंही असंच झालं असावं. ते औषध झाडाच्या रसवाहिन्यांतून वर चढतं, आणि लाल खवला रसवाहिनीतून पीत नाही. तो साल-पानाच्या पेशी फोडून त्यातलं खातो, म्हणून ते त्याला, रसवाहिनीतून पिणाऱ्या मऊ खवल्याइतकं, लागू पडत नाही. पानावरचे पिवळे डाग आणि फांद्यांचं वाळणं त्या पेशी मरण्यामुळेच असतं.

मग औषध गेलं कुणाला? आता त्या गोल भोकाकडे या. लाल खवल्याचा वैरी आहे एक मिलिमीटरभर लांबीची पिवळी गांधीलमाशी, अफायटिस. माणसाला ती कधीच चावत नाही. ती झाकणाखाली खवल्याच्या अंगावर अंडं घालते, तिची अळी खवल्याला खाऊन मोठी होते आणि नवी माशी बाहेर पडते. गोल भोक दिसलं की समजा तिथे तुमच्या बाजूचं कुणीतरी काम करून गेलं. काळा चकचकीत लहान भुंगेरा, चिलोकोरस, हाही याच झाकणांवर जगतो आणि तो इथलाच, आपल्या मातीतला आहे. या दोघांना छप्पर नाही. पानावर उरलेलं कडक औषध त्यांना आठवडेच्या आठवडे मारत राहतं, खवल्याच्या नाती मात्र आईच्या झाकणाखाली सुखरूप वाढतात. प्रत्येक फवारणीने तुम्ही कीड मारलीत त्याहून जास्त राखणदार मारलेत असं मला वाटतं, आणि यात तुमचा दोष नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही.

असं पूर्वीही झालं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या संत्रा-लिंबू बागा १८८० च्या दशकात कापशी खवल्याने संपत आल्या होत्या. ती कीड ऑस्ट्रेलियातून आली होती, म्हणून आल्बर्ट कोबेले नावाचा कीटकतज्ज्ञ १८८८ साली ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथून वेडेलिया नावाचा ठिपक्यांचा छोटा भुंगेरा पाठवला. काहीशे भुंगेऱ्यांतून पैदास वाढली आणि दोन वर्षांच्या आत बागा सावरल्या. पुढे पन्नासेक वर्षं ती कीड लोक विसरून गेले. मग १९४० च्या दशकात डीडीटी आलं, बागांवर मारलं गेलं, भुंगेरा मेला आणि कापशी खवला परत आला. आणि तुमच्या लाल खवल्याचं तर आणखी जवळचं आहे. तिथे त्यावर सगळ्यात उपयोगी ठरलेली अफायटिसची जात १९५६-५७ मध्ये भारत-पाकिस्तानातून नेलेली आहे. त्यांनी दूरवरून मागवलेला राखणदार आपल्या हवेत मुळातच राहतो. आपण त्याला राहू द्यायचं आहे.

आता ‘सगळी बाग जाणार’ या भीतीबद्दल. ३२० झाडांपैकी रोग ४४ वर आहे, आणि ती सगळी रस्त्याकडची. माद्या उडत नाहीत. वाऱ्याने, पक्ष्यांच्या पायाला, माणसांच्या कपड्याला आणि क्रेटला लागून पिल्लं पसरतात हे खरं. पण मजुरांनी कीड आणली असती तर ती सल काढली त्या सगळ्या बागेत जागोजागी दिसायला हवी होती. दोन सरळ ओळी रस्त्याला लागूनच का? माझं बोट धुळीकडे जातं. तुमच्या कच्च्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर, मुरमाच्या गाड्या जात असणार. पानावर धूळ बसली की ती इवलीशी गांधीलमाशी अंग पुसण्यातच वेळ घालवते, तिला खवला शोधता येत नाही, ती लवकर मरते. धुळीच्या कडेला खवला वाढतो हे जगभरच्या लिंबूवर्गीय बागांत दिसलेलं आहे. मजूर बोलावल्याचं ओझं मनावरून काढून टाका. तरी यापुढे कात्र्या, शिड्या आणि क्रेट दुसऱ्या बागेतून आले तर धुऊन घ्या आणि आजारी ओळींतलं काम दिवसाच्या शेवटी करा.

काळ्या पानांचं दुखणं मात्र वेगळं आहे. लाल खवला चिकटा सोडत नाही. काजळी आणि मुंग्या आहेत म्हणजे त्याच झाडांवर मऊ खवला, पिठ्या ढेकूण किंवा काळी माशी यांपैकी कुणीतरी दुसरंही आहे. पानाच्या मागे काळे, चकचकीत, कडेला पांढरी झालर असलेले लंबगोल ठिपके दिसले तर ती काळी माशीची पिल्लं. कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या. मऊ, फुगीर, हिरवट-तपकिरी, टाचणीने झाकण वेगळं न होणारं दिसलं तर मऊ खवला. हे सगळे रसवाहिनीतून पितात, गोड चिकटा टाकतात, त्यावर काजळी वाढते. मुंग्या त्या गोडासाठी येतात आणि गांधीलमाशीला, भुंगेऱ्यांना हाकलतात, म्हणून मुंगी फिरते त्या झाडावर लाल खवल्याचंही फावतं. मुंगीकडे लोक दुर्लक्ष करतात, मी तिला पहिल्या कामात धरते. जमिनीला टेकलेल्या फांद्या हातभर वर छाटा, झाडाला भिडलेलं गवत काढा, बुंध्याभोवती कागद किंवा कापड गुंडाळून त्यावर चिकट पट्टा लावा. सालीला थेट चिकट लावू नका, साल खराब होते. आणि पांढऱ्या लोकरीसारखी, पिठ्यापेक्षा मोठी, चपळ अळी दिसली तर तिला चिरडू नका. ती क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याची अळी असू शकते. तिचं रूप पिठ्यासारखं असतं, पण ती पिठ्याच खाते.

तुमच्यासाठी वेळ मात्र चांगली आहे. आंबिया बहाराची फळं उतरली, दिवाळी झाली, उन्हाची धग गेली, पुढच्या बहारासाठी पाणी तोडून द्यायचा ताण सुरू व्हायला अजून दिवस आहेत. या फटीत मी काय करेन ते सांगते. आधी ४४ झाडांतली वाळलेली सल आणि आतली दाटी काढून बाहेर नेऊन जाळेन, म्हणजे फवारा आत पोचेल. मग नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा मारून धूळ, चिकटा आणि रांगती पिल्लं धुऊन काढेन. त्यानंतर बागायती खनिज तेलाची एक फवारणी, लेबलवर दिलेल्या प्रमाणात. तेल विषाने मारत नाही, ते झाकणाच्या कडेतून शिरून किड्याचा श्वास कोंडतं. पानावर विष उरत नसल्याने राखणदार लवकर परततात. पण तेलाला अंगाला लागावं लागतं. वरून चार थेंब शिंपडून भागत नाही. आतल्या फांद्या, पानांची मागची बाजू ओली झाली पाहिजे. मजूर कंटाळतात, म्हणून स्वतः उभ्या राहा. झाड पाण्याविना सुकलेलं असताना, ताणावर असताना किंवा कडक उन्हात तेल मारू नका, पानं भाजतात. गंधकाच्या फवारणीच्या आगेमागे काही आठवडे तेल नको.

त्या ४४ झाडांना या वर्षी ताणच देऊ नका. त्यांचा बहार सोडा, शेणखत आणि पाणी चालू ठेवा. एका वर्षाचं उत्पन्न जाईल, ते मोठं आहे हे मला माहीत आहे. पण आजारी झाडाला ताणावर धरून बहार काढला की पुढच्या वर्षी तोडायला फार विचार करावा लागत नाही.

पुढची फवारणी कॅलेंडर बघून ठरवू नका. फेब्रुवारीपासून आठ-दहा फांद्यांवर दोन्ही बाजूंनी चिकट असलेली टेप गुंडाळा, दर आठवड्याला बदला आणि भिंगाने पाहा. पिवळे ठिपके अडकू लागले, आठवड्यागणिक वाढले की पिल्लं निघाली. ती लाट वर चढते आहे तेव्हाच तेल, किंवा कात टाकण्यात अडथळा आणणारं बुप्रोफेझिनसारखं औषध. ते मोठ्या मादीला मारत नाही, म्हणून वेळेवरच मारायचं. मोसंबीवर वापराची परवानगी लेबलवर आहे का आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे स्वतः वाचा. झाड फुलावर असताना काहीही मारू नका, मधमाश्या येतात. पावसाळी दमटपणात व्हर्टिसिलियम लेकॅनी ही बुरशी मऊ खवल्यावर आणि पिठ्यावर चालते, कोरड्या हवेत तिच्यावर पैसे घालू नका. औषधं एकत्र करून मारणं आजपासून बंद. ते झाडाला, राखणदारांना आणि पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाला, तिघांनाही भोवतं.

भाऊजींचं म्हणणं मी उडवून लावत नाही. बागेवर खर्च होतोय आणि उत्पन्न घसरतंय, हे दिसत असताना गप्प बसणाऱ्यापेक्षा बोलणारा बरा. पण ते ३२० झाडांचा निर्णय ४४ झाडांवरून घेत आहेत. आणि ऊस वर्षभर पाण्यावर उभा राहतो. २०१२-१३ सारखं साल परत आलं तर त्या विहिरीचं पाणी कुणाला पुरेल, हा हिशेब त्यांनी आणि तुम्ही कागदावर एकत्र मांडा. त्याच वेळी तुम्हीही एक मान्य करा: या ४४ पैकी काही झाडं खरोखर काढावी लागतील. नखाने साल खरवडून पाहा. खाली हिरवं असेल तर झाड उभं आहे. बुंध्यातून डिंक गळतोय, मुळं कुजल्याचा वास येतोय, पाणी दिलं तरी पान मलूल राहतं, तर ते दुखणं खवल्याचं नव्हे, डिंक्याचं किंवा मुळकुजीचं आहे आणि खवला नुसता अशक्त झाडावर येऊन बसला आहे. काळ्या भारी जमिनीत रस्त्याच्या कडेला पाणी साचतं का तेही पाहा. अशी झाडं काढा, खड्डे उन्हात तापू द्या आणि रस्त्याच्या बाजूने शेवरीची ओळ लावा, धूळ अडेल.

खात्री करून घ्यायची असेल तर खवले असलेली फांदी पिशवीत घालून, तोंड बांधून, बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रात घेऊन जा. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ते केंद्र तुमच्यापासून फार लांब नाही. दुकानदाराच्या आधी तिथे जा.

आणि मामांना सोबत घ्या. ते बोलत नाहीत म्हणता. त्या झाडांना त्यांनी टँकरचं पाणी घातलं आहे. जेसीबीचा विषय घरात निघतो तेव्हा त्यांनी काय बोलावं? टाचणी घेऊन बागेत जाल त्या सकाळी भिंग त्यांच्या हातात द्या. जिवंत किती, मेलेले किती, भोकाचे किती, ते त्यांना मोजू द्या, तुम्ही वहीत लिहा, आणि आकडे झाले की भाऊजींनाही वही दाखवा. ते तीन आकडे मला कळवा. तेल मारल्यानंतर तीन आठवड्यांनी परत मोजा आणि तेही कळवा.